एका घासातले चीज

नाताळच्या सुट्टीत पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी मुले घरी येतात, शेजारपाजारची माणसे एखाद्या संध्याकाळी जमतात आणि जेवणाआधी एका घासात संपेल असे काहीतरी चटकदार त्यांच्या हाती द्यावे, असे घरच्या बाईला वाटते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत याच बेताविषयी आणि त्यातही चीजच्या छोट्या पदार्थांविषयी विचारलेले आहे. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्याच पत्रांना दिली आहे.

प्रश्न: ताई, 25 डिसेंबरला संध्याकाळी आमच्याकडे पंचवीस माणसे जेवायला यायची आहेत. गेल्या वर्षी मी चीज बॉल केले होते. बटाटा, चीज, ब्रेडचा चुरा सगळे मापात घेतले होते, तरी तेलात सोडल्याबरोबर निम्मे बॉल फुटले, चीज कढईभर पसरले आणि तेल इतके तडतडले की सून घाबरून मागे सरली. चूक कुठे झाली असेल? आणि पंचवीस जणांसाठी किती करावेत?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: आपण लिहिलेल्या ‘तडतडले’ या शब्दातच उत्तर आहे. तेल तडतडते ते पाण्यामुळे. बॉलच्या आत जे पाणी असते, मग ते बटाट्यातले असो किंवा कोथिंबीर धुऊन ओलीच चिरल्यामुळे आलेले असो, त्याची गरम तेलात वाफ होते आणि वरचे आवरण जिथे पातळ राहिले असेल तिथून ती बाहेर फुटते. एकदा भेग पडली की वितळलेले चीज त्याच वाटेने कढईत येते. म्हणून बॉल फुटले की लोक चीजला दोष देतात, पण खरे कारण बहुतेक वेळा बटाट्यात, आवरणात किंवा तेलाच्या तापात सापडते.

बटाट्यापासून सुरुवात करू. पातळ सालीचा नवा बटाटा भाजीला उत्तम असतो, पण त्यात पाणी जास्त असते आणि तो चिकट होतो. या कामाला जाड सालीचा, थोडा जुना बटाटा घ्यावा. शीतगृहात फार दिवस राहिलेला बटाटा मात्र गोडसर होतो आणि तळताना लवकर काळपट पडतो, म्हणून उकडल्यावर एक तुकडा चाखून पाहावा. बटाटे न कापता, सालीसकट उकडावेत, गरम असतानाच सोलावेत आणि परातीत मोकळे पसरून त्यांची वाफ पूर्ण जाऊ द्यावी. गार झाल्यावरच ते किसावेत. एक किलो बटाट्याच्या किसात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोर, मिरपूड, भरडलेले जिरे, बारीक चिरून फडक्यावर कोरडी केलेली कोथिंबीर आणि थोडेसेच मीठ घालावे, कारण चीजमध्ये मीठ असतेच.

आत भरायला साधे प्रोसेस्ड चीज चांगले. बाजारात मिळणाऱ्या एका क्यूबचे वजन साधारण 25 ग्रॅम असते. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी सहा ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे साठ बॉलना पंधरा क्यूब लागतील. पुष्कळ जणींना मोझरेलाची तार आवडते, पण त्यात पाणी अधिक असते, म्हणून मोझरेला वापरायचे असेल तर त्याचे तुकडे कोरड्या फडक्यावर अर्धा तास ठेवावेत. प्रोसेस्ड चीज तापल्यावर तूप सुटून फाटत नाही, ते एकजीव राहते. चीज वितळवताना त्यात सायट्रेटसारखे क्षार मिसळले की स्निग्धांश आणि प्रथिने एकमेकांना धरून राहतात, ही गोष्ट स्वित्झर्लंडमधल्या थुन गावी 1911 मध्ये साधली आणि प्रोसेस्ड चीजचा जन्म तिथे झाला. आपल्या कढईत तो गुण फार उपयोगी पडतो.

आता आवरण, आणि इथे मी सर्वांत अधिक आग्रह धरीन. पंधरा ग्रॅम बटाट्याची पारी करून तिच्या मधोमध चीजचा तुकडा ठेवावा आणि मोदकासारखे तोंड मिटून गोळा तळहातावर वळावा. कुठेही चीज डोकावता कामा नये. अर्धी वाटी मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोर आणि पाणी यांची भज्याच्या पिठापेक्षा थोडी पातळ पेज करून गोळा तीत बुडवावा, ब्रेडच्या कोरड्या चुऱ्यात घोळवावा, आणि हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. मीसुद्धा बरीच वर्षे एका थरावर समाधान मानत होते आणि दर खेपेला चार-सहा बॉल वाया जात होते; दुसरा थर द्यायला लागल्यापासून ते थांबले. दोन थर दिलेले गोळे ताटात एकमेकांना न चिकटता मांडून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावेत. आतले चीज गार आणि घट्ट असले की बाहेरचा थर खरपूस होईपर्यंत ते पूर्ण पातळ होत नाही. मात्र तास-दोन तास ठेवून त्यांचे दगड करू नयेत, नाहीतर बाहेरून लाल झालेला बॉल आतून गारच राहतो.

तेल 175 ते 180 अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसला तर पावाचा चौकोनी तुकडा तेलात टाकून पाहावा. तो लगेच वर येऊन साधारण एका मिनिटात सोनेरी झाला तर तेल तयार आहे. तेल मंद असले तर बॉल कढईत जास्त वेळ राहतो आणि फुटतो, म्हणून ‘आतून शिजायला हवे’ या समजुतीने आच कमी करू नये. आतले सगळे आधीच शिजलेले असते. एका वेळी सहा-सातच सोडावेत, पहिले अर्धे मिनिट झारा लावू नये, आणि दोन मिनिटांत काढून घ्यावेत. प्रत्येक घाण्यानंतर तेलातला जळका चुरा काढून टाकावा आणि तेल पुन्हा तापू द्यावे.

प्रमाणाविषयी: पुढे जेवण असेल तर माणशी पाच घास पुरतात, म्हणजे पंचवीस जणांना सव्वाशे. त्यांतले साठ तळलेले असावेत आणि उरलेले गार असावेत, असे मी सुचवीन. सगळेच तळायचे ठरवले तर पाहुणे बसलेले असताना आपण कढईपुढून हलू शकत नाही. गार पदार्थ कोणते, ते पुढच्या उत्तरांत येईल.

प्रश्न: आमच्या खेड्यात दुकानात चीज मिळत नाही, क्वचित आले तर जुने असते. पण घरी म्हैस आहे, दूध भरपूर आहे. मुंबईहून भाचरे येणार आहेत आणि त्यांना चीजचेच काहीतरी हवे आहे. घरच्या दुधाचे करता येईल का? मागे मी पनीर घालून टोस्ट केले होते, पण पनीर वितळलेच नाही.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: म्हशीचे दूध घरात असताना आपण दुकानाकडे पाहण्याचे कारणच नाही. फक्त कोणते चीज तापल्यावर कसे वागते हे एकदा समजून घ्यावे, मग कोणता पदार्थ करायचा ते आपोआप ठरते.

दुकानातले चीज विरजण आणि रेनेट (दूध साकळवणारे पाचकद्रव्य) घालून साकळवलेले असते. त्यातली प्रथिने कॅल्शियमने एकमेकांना बांधलेली असतात, ती उष्णतेने सैल होतात आणि चीज वाहू लागते. पनीर करताना आपण तापलेल्या दुधात लिंबू पिळतो. आंबटपणामुळे तो कॅल्शियमचा बराच भाग विरघळून निवळीबरोबर निघून जातो आणि उरलेली प्रथिने उष्णतेने अधिकच आवळली जातात. त्यामुळे पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही, उलट जास्त वेळ तव्यावर राहिले तर चिवट होते. आपले टोस्ट बिघडले यात आपली काहीच चूक नव्हती. पनीर वितळत नाही म्हणूनच ते काडीला टोचून भाजता येते, आणि तेच त्याच्याकडून करून घ्यावे.

दोन लिटर दूध उकळून गॅस बंद करावा, तीन-चार मिनिटे थांबावे, आणि चार मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालत हलक्या हाताने ढवळावे. हिरवट, स्वच्छ निवळी वेगळी दिसली की थांबावे. त्यापुढे घातलेले लिंबू पनीर कडक करते. पातळ फडक्यात गाळून, गार पाण्याने धुऊन, दोन-तीन किलो वजनाखाली अर्धा तास दाबून ठेवावे. म्हशीच्या दुधाचे साधारण साडेचारशे ग्रॅम पनीर मिळते. निवळी टाकू नये, भाकरीचे किंवा पुरीचे पीठ तीत मळावे. पनीरचे बोटाच्या पेराएवढे चौकोन करून त्यांना घट्ट दही, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि तिखट लावून तासभर ठेवावे. तिखटात रंगासाठी ब्याडगी आणि झणझणीतपणासाठी थोडी संकेश्वरी, असे मिश्रण मला आवडते. मुलांसाठी संकेश्वरी वगळावी. जाड तव्यावर थोडे तूप सोडून प्रत्येक बाजू एक मिनिट भाजावी आणि लगेच द्यावे.

याहून माझ्या मनाजोगता पदार्थ मात्र चक्क्याचा आहे. श्रीखंडासाठी आपण चक्का करतोच. त्याच चक्क्यात साखरेऐवजी मीठ घातले की उत्तम मऊ चीज हाती येते. एक लिटर दुधाचे दही, आंबट होण्याआधीच, फडक्यात बांधून आठ-दहा तास टांगावे. थंडीत दही लागायला वेळ लागतो, म्हणून एक दिवस हाताशी जास्त धरावा. दिवसा ऊन तापत असेल तर फडके चाळणीत ठेवून ती फ्रिजमध्ये ठेवणे बरे. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. त्यात चवीपुरते मीठ आणि मिरपूड घालून, हाताला किंचित तेल लावून, आवळ्याएवढे पस्तीसेक गोळे वळावेत. दोन तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर त्यांतले काही शेंगाच्या चटणीत, काही कारळ्याच्या चटणीत, काही भाजलेल्या पांढऱ्या तिळात आणि काही बारीक चिरलेल्या कोरड्या कोथिंबिरीत घोळवावेत. ताटात लाल, काळे, पांढरे, हिरवे गोळे मांडले की त्याला वेगळी सजावट लागत नाही. भाचऱ्यांना ते मुंबईच्या कुठल्याही दुकानात मिळणार नाहीत.

हे गोळे कशावर द्यायचे, तर ज्वारीच्या कडक भाकरीवर. आपल्या भागात जी पापडासारखी पातळ, कडक रोट्टी मिळते तिचे दोन-अडीच इंचांचे तुकडे करावेत, प्रत्येकावर आधी घरच्या लोण्याचा अगदी पातळ हात फिरवावा आणि मग गोळा ठेवून चमच्याने किंचित दाबावा. लोण्याचा थर मधे असला की चक्क्यातला ओलावा भाकरीत लवकर उतरत नाही. तरीही अर्ध्या तासापेक्षा जास्त आधी रचून ठेवू नये.

प्रश्न: आमच्या शेजारच्या जैन कुटुंबाला नववर्षाच्या निमित्ताने घरी बोलवायचे आहे. चीज शाकाहारी असते का, याविषयी घरात वाद झाला. त्यांना चालेल असे काय करता येईल?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: वाद होणे स्वाभाविक आहे. दूध साकळवायला लागणारे रेनेट पूर्वापार वासराच्या जठरातून काढत असत आणि युरोपातल्या काही चीजमध्ये आजही तेच वापरतात. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो या चीजच्या नियमावलीतच वासराचे रेनेट सांगितलेले आहे. सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेटही असते आणि ते शाकाहारी असते. आपल्या देशात वेष्टनावर हिरवी खूण छापलेली असेल तर ते चीज शाकाहारी आहे. परदेशाहून कुणी आणून दिलेले, खूण नसलेले चीज या बेतासाठी वापरू नये.

बटाटा, कांदा, लसूण, ओले आले ही सगळी वगळावी लागतील. बटाट्याची जागा कच्ची केळी उत्तम घेतात. सहा कच्ची केळी सालीसकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन उकडावीत, गार करून किसावीत, त्यात सुंठ, मिरपूड, भाजलेले जिरे आणि कॉर्नफ्लोर घालावे आणि पहिल्या उत्तरातल्या पद्धतीने चीज भरून गोळे करावेत. यीस्ट घालून केलेला पाव काहींना चालत नाही, म्हणून ब्रेडच्या चुऱ्याऐवजी जाडे पोहे मिक्सरमधून रवाळ काढून त्यात घोळवावेत. ते ब्रेडपेक्षाही कुरकुरीत होतात. चक्क्याचे गोळे मात्र विचारूनच करावेत, कारण किती वेळापूर्वी लावलेले दही चालते याचे नियम घरोघरी वेगळे असतात.

आणखी एक गोष्ट, जी पदार्थापेक्षाही महत्त्वाची आहे. आपल्या पाहुण्यांपैकी कुणी सूर्यास्तानंतर जेवत नसेल, तर या दिवसांत आपल्याकडे सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. बोलावणे साडेचारचे करावे, आणि पाच वाजता ताटे समोर यावीत. सात वाजता बोलावून त्यांच्यासाठी वेगळे शिजवले, तरी त्यांना नुसते बसून राहावे लागेल.

प्रश्न: आमच्या गल्लीत ख्रिस्ती शेजारी आहेत. दर नाताळला त्यांच्याकडून कुसवारचे ताट येते, त्यात नेवऱ्या, कलकल, दोदोल असे काय काय असते. मला दर वर्षी तेच ताट रिकामे परत करायला संकोच वाटतो. चीजचे एखादे खारे, टिकाऊ असे सुचवाल का? मार्गशीर्ष असल्याने आमच्याकडे अंडेही चालत नाही.
— एक वाचक, कॅम्प, बेळगाव

उत्तर: आपली भावना फार चांगली आहे, आणि गोड ताटाच्या बदल्यात खारे पाठवण्याची कल्पनाही. चीजच्या खाऱ्या शंकरपाळ्या कराव्यात. अडीचशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम किसलेले चीज, पन्नास ग्रॅम गार लोणी, एक चमचा ओवा, भरड मिरी आणि चिमूटभरच मीठ हे सगळे आधी बोटांनी चोळून रवाळ करावे आणि मग चमचा-चमचा गार दूध घालत घट्ट गोळा बांधावा. फार मळू नये, कारण मळल्याने शंकरपाळ्या खुसखुशीत होण्याऐवजी कडक होतात. अर्धा तास गार जागी ठेवून पोळीच्या दुप्पट जाडीचे लाटावे आणि लहान चौकोन कापावेत. ओव्हन असेल तर 170 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजाव्यात. तळायच्या असतील तर चीज बॉलच्या अगदी उलट, मंद आचेवर तळाव्यात. इथे चीज पिठात मिसळलेले असल्याने ते बाहेर येण्याची भीती नसते आणि पीठ आतपर्यंत शिजायला वेळ द्यावा लागतो. चीजमुळे रंग लवकर चढतो, म्हणून बदामी दिसताच काढाव्यात. पूर्ण गार करून डब्यात भरल्या तर आठवडाभर चांगल्या राहतात. अंडे नाही, त्यामुळे गुरुवारीही करायला हरकत नाही.

प्रश्न: 31 डिसेंबरच्या रात्री मुले कॅम्पातला ‘ओल्ड मॅन’ म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा जाळलेला पाहून साडेबारा-एकला थंडीत कुडकुडत घरी येतात आणि काहीतरी गरम मागतात. त्या वेळी तळण काढण्याची ताकद नसते. पटकन काय करता येईल?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: आप्पेपात्र काढावे. शेजारच्या कन्नड घरांत ज्याला पड्डू म्हणतात ते आप्पेच चीज घालून करावेत. इडलीचे पीठ फ्रिजमध्ये असले की काम दहा मिनिटांचे आहे. पिठात बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि कढीपत्ता घालावा, प्रत्येक खळग्यात दोन थेंब तेल सोडून निम्मे पीठ ओतावे, मधोमध चीजचा छोटा तुकडा ठेवावा आणि वरून पुन्हा पीठ ओतून तो पूर्ण झाकावा. चीज पात्राला लागले तर चिकटते आणि आप्पे उलटता येत नाहीत, एवढीच काळजी घ्यायची. झाकण ठेवून तीन मिनिटे, उलटून दोन मिनिटे. खायला देण्यापूर्वी मुलांना दोन मिनिटे थांबायला सांगावे, कारण आतले चीज वरच्या पिठापेक्षा कितीतरी वेळ तापलेले राहते आणि जीभ भाजते.

पीठ नसेल तर रताळी पाहावीत. बेळगाव तालुक्यातली रताळी घराघरांत असतातच. ती संध्याकाळीच सालीसकट भाजून किंवा वाफवून ठेवावीत, रात्री त्यांच्या अर्ध्या इंच जाडीच्या चकत्या तुपावर तव्यात लालसर कराव्यात, प्रत्येकीवर चीजचा पातळ तुकडा आणि भरड कुटलेली मिरची घालून तवा झाकावा आणि मिनिटभरात उतरवावा. रताळ्याचा गोडवा आणि चीजचा खारटपणा एकत्र आल्यावर जी चव लागते ती बटाट्याला कधीच येत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न: स्वस्त मिळाले म्हणून किसलेल्या मोझरेलाचे मोठे पाकीट आणले, पण टोस्टवर घातल्यावर ते तेलकट झाले आणि रबरासारखे लागले. फसवणूक झाली का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर: पाकिटाची मागची बाजू वाचून पाहावी. घटकांमध्ये दुधाऐवजी किंवा दुधाबरोबर पामतेल अथवा दुसरे वनस्पती तेल आणि स्टार्च लिहिलेले असेल, तर ते चीज नसून चीजसारखा दिसणारा पर्याय आहे. समोरच्या बाजूला पिझ्झाचे मोठे चित्र असते आणि खरी माहिती मागे बारीक अक्षरांत असते, म्हणून घेण्याआधीच मागची बाजू वाचण्याची सवय ठेवावी. घटकांत पहिले नाव दुधाचे किंवा चीजचे असावे. खरे मोझरेलाही फार वेळ तापवले तर तेल सोडते आणि चिवट होते, हे मात्र लक्षात ठेवावे. वितळले की उतरवावे.

प्रश्न: आदल्या दिवशी किती तयारी करून ठेवता येते? आणि घरात रक्तदाबाचे सासरे व तीन वर्षांचा नातू, दोघेही आहेत.
— एक वाचक, गोकाक

उत्तर: चीज बॉल दोन थर देऊन आदल्या रात्री फ्रिजमध्ये झाकून ठेवता येतात आणि तळण्यापूर्वी अर्धा तास फ्रीझरमध्ये हलवता येतात. चक्क्याचे गोळे वळून ठेवावेत, पण चटणीत घोळवणे त्याच दिवशी करावे, नाहीतर चटणी ओलावते. घरचे पनीर फ्रिजमध्ये गार पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून दोन-तीन दिवस राहते. चीज फ्रीझरमध्ये गोठवले की त्याचा भुगा होतो. ते वितळवायच्या पदार्थांत चालते, पण काडीला टोचून द्यायला चालत नाही. तळून ठेवलेले बॉल पुन्हा तळू नयेत. मांडलेले ताट दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. डिसेंबरची हवा गार वाटली तरी ती फ्रिजइतकी गार नसते, म्हणून सगळे एकदम न मांडता लहान ताटे दोनदा-तीनदा भरावीत.

सासऱ्यांसाठी प्रोसेस्ड चीजचे पदार्थ एक-दोनच असावेत, कारण त्यात मिठाशिवाय सोडियमचे इतर क्षारही असतात. त्यांच्यासाठी चक्क्याचे गोळे बिनमिठाचे वळून, भाजलेले जिरे, लिंबाची किसलेली साल आणि तीळ यांनी चव आणावी. ते वेगळ्या वाटीत ठेवले म्हणजे गोंधळ होत नाही. शेंगाच्या चटणीत मीठ असते, ती त्यांच्या गोळ्यांना लावू नये.

नातवासाठी टूथपिक वापरू नये. आपल्याकडे वाढदिवसाला कोबीच्या गड्ड्यावर चीज, अननस आणि चेरी टोचून ठेवण्याची पद्धत आहे आणि ती दिसते छान, पण ते ताट लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असावे, आणि वापरलेल्या काड्या टाकायला शेजारी एक भांडे ठेवावे. नातवाला चीजचा चौकोन देण्याऐवजी किसून द्यावा, कारण घट्ट चौकोनी तुकडा एवढ्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. तळलेला बॉल द्यायचा झाला तर तो मधोमध कापून, आतले चीज बोटाला कोमट लागेपर्यंत थांबून मगच द्यावा.